साधी नळी

९ जानेवारी

प्रयोगवहीत तारीख, तापमान, निरीक्षण आणि सही एवढेच रकाने आहेत. वैतागाला रकाना नाही. म्हणून ही दुसरी वही.

आजही रक्त आलं नाही. म्हणजे आलं, पण गोठून. सिकलसेलच्या रुग्णांचं तपासणीनंतर उरलेलं रक्त रुग्णालयातून आम्हाला मिळतं, आणि ते आणणारा माणूस वाटेत तीन ठिकाणी गप्पा मारत येतो. बावीस झाडांचा पाला आम्ही सावलीत वाळवून, कुटून, अल्कोहोलमध्ये भिजवून, गाळून, आटवून बाटल्यांत भरून ठेवलाय. सहा झाडं नापास झाली. सातवं, ते जांभळ्या शिरांच्या पानांचं झुडूप, पंधरा दिवस फ्रीजमध्ये ताटकळतंय. मोठ्या बाई, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, उंचीने माझ्या खांद्याला लागतात आणि आवाजाने छताला. म्हणाल्या, "रक्त मिळणार नसेल तर या पाल्याची भाजी करू का?"

घरी हे सांगितलं तर टाचणी म्हणाली, "माझं घे की. माझ्याकडे विळ्यांचा कारखानाच आहे."

टाचणी म्हणजे माझी धाकटी बहीण. हडकुळी आणि बोलायला टोचरी, म्हणून लहानपणी मीच हे नाव ठेवलं. तिला जन्मापासून सिकलसेल आहे. ऑक्सिजन कमी पडला की तिच्या रक्तातल्या गोल पेशी वाकून विळ्यासारख्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि मग ती अंथरुणात उशी दातांत धरून पडते. एकोणतीस वर्षं हे पाहतोय. ही नोकरी धरली तीही त्याचसाठी.

२२ जानेवारी

माणसांवरच्या संशोधनाला मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी आली. टाचणी आता आमची रक्तदाती. दर पंधरवड्याला सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तिचं रक्त काढायचं आणि थंड डब्यातून घेऊन पळायचं. दर वेळी एक फॉर्म भरायचा: झोप, ताप, दुखणं, सध्या चालू औषधं. वर ठळक छापलंय, 'दात्याला विचारून भरावा.' घरच्याच माणसाला काय विचारायचं? वर्षभराच्या फॉर्मांवर तिच्या सह्या एकदमच घेऊन टाकल्या. औषधांपुढे लिहिलं, 'फॉलिक ॲसिडची गोळी.' टाचणी ती शाळेपासून घेते.

आजची मोजणी. एका नळीत नुसतं रक्त, तिला मी साधी नळी म्हणतो. दुसरीत रक्त आणि सात नंबरचा अर्क. दोन्हींतला ऑक्सिजन रसायन टाकून काढून घेतला, थांबलो, आणि मायक्रोस्कोपखाली विळे मोजले. साध्या नळीत शंभरात सदुसष्ट. पानांच्या नळीत चौतीस.

दोनदा मोजलं. मग बाटल्या धुणाऱ्या मामांनाही डोळा लावायला लावला. ते म्हणाले, "मला सगळे किडेच दिसतात." पण एका नळीत कमी किडे आहेत, हे त्यांनाही दिसलं.

५ फेब्रुवारी

परत तेच. अडुसष्ट आणि तेहतीस. मी नाचायचा बाकी होतो. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "फुगू नकोस. काचेवर चाललं म्हणजे माणसात चाललं असं नाही. उंदरालासुद्धा अजून दिलेलं नाही आपण. आणि तुझ्या घरी पेशंट आहे हे मला ठाऊक आहे, म्हणून आत्ताच सांगते. एक पानही या दाराबाहेर जाता कामा नये."

मी 'हो' म्हटलं.

येताना कुंपणावरच्या त्याच झुडपाची दोन मुठी पानं जेवणाच्या डब्यात घातली. ती तर प्रयोगशाळेच्या दाराबाहेरच होती.

६ फेब्रुवारी

काढा केला. एक पेला पाण्याचा अर्धा होईपर्यंत उकळला. टाचणीने एक घोट घेतला आणि डोळे मिटून बसली. "दादा, हे पिऊन मी मेले तर विळे आपोआपच मरतील, ही तुझी युक्ती कळली मला." पण प्यायली सगळा. आईने लगेच तिच्या हातावर गूळ ठेवला.

२७ फेब्रुवारी

नऊ दिवस टाचणी अंथरुणात होती. ज्या दुकानात ती शाळेचे गणवेश शिवते ते तिसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही. दुकानाच्या शिंपी मास्तरांचा निरोप आला, पुढच्या हंगामाला दुसरी शिवणारी बघावी लागेल. तिच्या हातून शिलाई मशीन गेलं तर ती भिंतीकडे तोंड करून बसेल, हे मला माहीत आहे. सोळाव्या वर्षी शाळा सुटली तेव्हा दोन वर्षं तशीच बसली होती.

संध्याकाळी म्हणाली, "रक्तविभागातले डॉक्टर परत त्या विळ्यांवरच्या गोळीचं म्हणत होते. पुष्कळांना गुण येतो म्हणे."

माझं डोकंच फिरलं. ती गोळी रक्ताच्या कॅन्सरलाही देतात. तिचं माहितीपत्रक मी वाचलंय, दुष्परिणामांची यादी वाण्याच्या यादीपेक्षा लांब. मी म्हटलं, "माझ्या हातात औषध येतंय आणि तू विष मागतेस? या घरात ती गोळी येणार नाही." आई भांडी घासत होती, तिने मागे वळूनही पाहिलं नाही. टाचणी गप्प बसली. टाचणी गप्प बसली म्हणजे पटलं. एरवी ती कुणाला शेवटचा शब्द देत नाही.

काढा आता दोन वेळा.

१२ मार्च

टाचणी दोरा आणायला सकाळी आठला गेली ती दीडला उगवली. दोरा काय कापूस पिकवून आणला? मी ओरडलो तर म्हणाली, "रंग जुळत नव्हता." पिशवीत एकच रीळ, तेही पांढरं.

२ एप्रिल

पुन्हा दोऱ्याची वारी, पुन्हा पाच तास. आणि उजव्या कोपरात टोचल्याची खूण. मी नेहमी डावीकडून काढतो. विचारलं तर म्हणाली, सुई लागली. शिंपिणीला कोपरात सुई लागते हे नवीनच ऐकलं. असं धांदरटासारखं शिवत बसली तर मास्तर ठेवतील कशाला?

आणखी एक कटकट. हल्ली रोज सकाळी चहाआधी हिला बटणांचा डबा हवा असतो. खडखड करून काय शोधते देव जाणे. मी फॉर्म भरत होतो. 'औषधे: पूर्वीप्रमाणेच.'

सहासष्ट आणि तेहतीस.

३० एप्रिल

साध्या नळीत साठ. पानांच्या नळीत बत्तीस. ऑक्सिजन काढणारी पूड हवा लागली की शिळी होते, तसं काही असणार.

२८ मे

नवी सीलबंद बाटली फोडली. साधी नळी बावन्न, पानांची एकतीस. पानांच्या नळीने काहीच बिघडवलं नाही, पण साधीच घसरत चाललीय. फरक दाखवायचा तर साध्या नळीत विळे हवेत ना! बाई म्हणाल्या, "मोजणारा तोच, माप तेच, मग बदललं काय ते शोध." मी खोलीचं तापमान बदलून पाहिलं. स्लाइड बदलल्या. थंड डबा बदलला. मामांना विचारलं, नळ्या धुताना नवीन साबण आणला का. त्यांनी दोन दिवस अबोला धरला.

घरी मात्र टाचणीला काढा लागू पडलाय! दहा आठवड्यांत एकदाही आडवी झाली नाही. तिसरा मजला न थांबता चढते. काल माझ्या ताटातलं उचलून खाल्लं.

म्हणजे पोटात गुण आणि नळीत ठणठणाट. हे उलटंच व्हायला हवं होतं. शेवटी कंटाळून मायक्रोस्कोपच्या भिंगावर फुंकर मारली, जणू सगळं खापर त्याच्यावर फोडता येईल.

२५ जून

चव्वेचाळीस आणि एकतीस.

मी म्हटलं, झाडाचा बहर संपला, पान निबर झालं. बाई म्हणाल्या, "पानाचा संबंध पानांच्या नळीशी. साध्या नळीत पान कुठे असतं?" नाचता येईना अंगण वाकडं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

टाचणीला मास्तरांनी मोठी ऑर्डर दिली. ती मशीनवर गाणं म्हणत होती, बेसूर. मी तिला गप्प केलं. माझं डोकं दुखत होतं.

२३ जुलै

चाळीस आणि तीस. बाई म्हणतात, सप्टेंबरपर्यंत पाहू, नाहीतर सात नंबर बंद करून आठकडे वळायचं. सहा महिन्यांचं मुसळ केरात.

बाईंना सांगताही येत नाही की माझ्या घरी जिवंत पुरावा फिरतोय. सांगितलं तर नोकरी जाईल.

७ ऑगस्ट

आज काढा देताना टाचणी म्हणाली, "दादा, तुझा पाला लिव्हरला काही करतो का रे?"

"पान आहे, पान. काय करणार?"

"काही दिवस बंद ठेवू या का?"

मी फाडकन बोललो. सगळीकडून माझा प्रयोग बुडतोय, हा एकाच ठिकाणी चाललाय, आणि तोही तुला बुडवायचाय? तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ पाहिलं. मग पेला उचलून एका दमात रिकामा केला.

बटणांचा डबा तिने वरच्या फळीवर ठेवून दिला. चला, सकाळची खडखड थांबली.

२० ऑगस्ट

शेहेचाळीस आणि एकतीस. जरा धुगधुगी आहे.

३ सप्टेंबर

पंचावन्न आणि बत्तीस! नवीन स्लाइडचा गुण असावा. बाईंनी स्वतः उठून मला चहा दिला.

टाचणी दुकानात गेली नाही. कंबर धरलीय म्हणे. बसून बसून धरते. काढ्याचं प्रमाण वाढवलं.

१७ सप्टेंबर

चौसष्ट आणि तेहतीस. फरक आला! अगदी जानेवारीसारखा. बाई म्हणाल्या, लेख लिहायला घेऊ या, पहिलं नाव तुझं. मी घरापर्यंत जवळजवळ धावतच आलो.

टाचणीला सांगायला गेलो तर ती भिंतीकडे तोंड करून पडलेली. आई तिचे पाय चेपत होती. मी आकडे सांगितले. टाचणी म्हणाली, "छान," आणि पांघरूण डोक्यावर ओढलं. इतके महिने हिच्यासाठी राबतोय आणि कौतुकाचा एक शब्द नाही. फार वाईट वाटलं. आई मान खाली घालून पाय चेपत राहिली.

१९ सप्टेंबर

टाचणीच्या छातीत दुखतंय, तिला श्वास पुरत नाही. रुग्णालयात नेलं. ऑक्सिजन लावलाय. रक्त चढवताहेत.

२१ सप्टेंबर

जरा स्थिर आहे. आता लिहितो. सगळं लिहितो.

काल वॉर्डाबाहेर रक्तविभागाचे डॉक्टर भेटले. जाड केसपेपर चाळत म्हणाले, "गोळीने इतकं छान चाललं होतं हो. मार्चपासून एकदा दाखल व्हायची वेळ आली नाही. पण ऑगस्टमध्ये लिव्हरचे आकडे वाढले, म्हणून गोळी थांबवावी लागली. आता गोळी बंद होऊन सहा आठवडे झाले, तरी लिव्हर सुधारत नाही, उलट आकडे वाढताहेत. मला काही कळेना."

मी म्हटलं, "कुठली गोळी?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आईकडे. आईने पदरात तोंड लपवलं.

बटणांचा डबा! रोज चहाआधी एक. दोऱ्याच्या वाऱ्या म्हणजे महिन्याची रक्ततपासणी. आईला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोपरातली खूणसुद्धा मी पाहिली होती, आणि मी माणसांचं रक्त काढूनच पोट भरतो. काखेत कळसा नि गावाला वळसा घालणारा माझ्यासारखा शहाणा दुसरा नसेल.

डॉक्टर विचारत होते, "ती आणखी काही घेत होती का? झाडपाला, चूर्ण, काहीही? दर वेळी विचारलं, दर वेळी नाही म्हणाली."

कॉरिडॉरमध्ये एक बाई फरशी पुसत होती. तिची बादली जाईपर्यंत मी थांबलो. मग म्हटलं, "मी पाजत होतो. फेब्रुवारीपासून. दोन वेळा, आणि या महिन्यात तीन."

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी फक्त पेन उघडलं आणि विचारलं, "कुठलं झाड? किती पानं? किती पाण्यात?" मी एकेक सांगत गेलो, ते लिहीत गेले. शेवटी म्हणाले, "हे ऑगस्टमध्ये कळलं असतं तर मी पाला थांबवला असता, गोळी नाही." एवढंच बोलून ते आत गेले. त्यापेक्षा मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

२२ सप्टेंबर

टाचणीच्या तोंडावरचा मास्क आज काढला. मी स्टूल ओढून बसलो आणि इतक्या दिवसांचं साठलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. लपवलंस का? मला विचारायचं तरी!

"विचारलं होतं. तू म्हणालास, या घरात येणार नाही."

"मग डॉक्टरांपासून काढा का लपवलास?"

"तुझी नोकरी गेली असती." दम खाऊन ती पुढे म्हणाली, "आणि तू इतक्या हौसेने उकळायचास रे. आजवर तू कुणासाठी साधा चहासुद्धा केलेला नाहीस."

मला हसू आलं आणि रडूही आलं. मी म्हटलं, दर पंधरवड्याला मी फॉर्म भरत होतो, तेव्हा तरी सांगायचंस.

"तीच वाट बघत होते मी," ती म्हणाली. "वाटायचं, आज विचारेल. फॉर्मवर छापलेलंच आहे, विचारून भरावा. तू विचारलं असतंस तर मी खोटं नसते बोलले. पण तुझ्याकडे माझ्या वर्षभराच्या सह्या होत्या." मग जरा वेळाने म्हणाली, "तुझी साधी नळी म्हणजे मीच होते, दादा. मला बरं वाटलं की तुझा वैताग. त्या सतरा तारखेला तू नाचत आलास ना, तेव्हा माझ्या पायांत कुणी खिळे ठोकतंय असं होत होतं."

मी तिथून उठून नळाखाली तोंड धुतलं. परत आलो तर ती झोपली होती.

२४ सप्टेंबर

बाईंच्या टेबलावर प्रयोगवही आणि केसपेपरातून उतरवलेल्या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या. गोळी सुरू, साधी नळी खाली. गोळी बंद, साधी नळी वर. पाच महिने मी नळ्या, पूड, भिंग, साबण, मामा, सगळ्यांवर संशय घेतला. माणूस बदलला असेल हे डोक्यात आलं नाही, कारण ते माणूस घरचं होतं.

पाल्याचंही सांगितलं. बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचा आवाज छताला लागला नाही, याचीच भीती वाटली. मी गोळी सुरू झाल्यापासूनची पानं फाडायला गेलो तर मनगट धरलं. "फाडायचं नाही. प्रत्येक पानावर एक रेघ मार, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी कारण लिही आणि सही कर. लेख विसर. दात्यांच्या आसपास फिरकायचं नाही, मी सांगेपर्यंत पाला वाळवायचा. आणि समितीला पत्र तूच लिहायचं, तुझ्या हाताने."

चौदा रेघा मारल्या. कारणाच्या जागी प्रत्येक वेळी तेच लिहिलं: दात्याला विचारले नाही.

१० नोव्हेंबर

पाला बंद होऊन सात आठवडे झाले. लिव्हर ताळ्यावर आलं. डॉक्टरांनी गोळी परत सुरू केली. टाचणी भिंतीकडे तोंड करूनच असते. मास्तरांनी दुसरी शिवणारी ठेवली. मी त्यांना भेटायला गेलो. तिन्ही मजले चढून मलाच धाप लागली. म्हणाले, "काम उत्तम आहे हो तिचं. चढून आली तर मशीन देतो." चढून आली तर.

बटणांचा डबा मीच फळीवरून खाली काढून तिच्या उशाशी ठेवला. रोज सकाळी कान देऊन बसतो. खडखड झाली की मग चहा करतो. तिघांचा, मीच.

१४ जानेवारी

पाला वाळवतोय. पाला उलटतोय. पाल्याला वैताग सांगून उपयोग नसतो. बाई माझ्याशी फक्त क्रियापदांत बोलतात: आण, ठेव, झाक.

सात नंबर उंदरांकडे गेलाय. सुरुवातीलाच जायला हवा होता.

२६ मार्च

बाईंनी आज मोजायला बसवलं. आता दाते सहा आहेत, नळ्यांवर नावांऐवजी आकडे असतात. चार नंबरची दाती प्रयोगशाळेत स्वतः आली. जिना चढून, धापा न टाकता. फॉर्म माझ्यापुढे सरकवला गेला.

मी विचारलं, "झोप?"

"लागते."

"ताप? दुखणं?"

"चार आठवड्यांत नाही."

"सध्या चालू औषधं?" माझा आवाज उगाचच चिरकला.

टाचणी खुर्चीत सरळ बसली. "फॉलिक ॲसिड. गोळी, रोज एक. काढा नाही. गूळ चालू आहे, तो लिहायचा का?"

"लिहितो," मी म्हटलं, आणि खरंच लिहिलं. तिने वाचून पाहिलं आणि मगच सही केली. म्हणाली, लवकर आटप, दोन वाजता मास्तरांकडे तीस बाह्या लावायच्या आहेत.

दुपारी मोजणी. पाच दात्यांच्या नळ्यांत सात नंबरने काचेवर बरा फरक दाखवला. बाई 'हं' म्हणाल्या, त्यांच्या मानाने ते पुष्कळ झालं. चार नंबरची साधी नळी शेवटी घेतली. स्लाइडभर गोल गोल पेशी, मध्येमध्ये विळे. शंभरात बत्तीस. पानांच्या नळीत तीस. मी परत मोजलं. परत तेवढेच.

"चारमध्ये काहीच फरक नाही," बाई वहीत बघत म्हणाल्या. "हसतोस काय?"

मी म्हटलं, "काही नाही. साधी नळी बघतोय."